सहा आणा, चार खेळवा

किस्से गोळा करायला कुठं जावं लागत नाही. पंच म्हणून एका जागी उभं राहायचं आणि लोकांना एक साधा नियम सांगायचा. पुढचं सगळं लोकच करतात.

मी आठवडाभर एका फौंड्रीत कास्टिंग तपासतो. माप चुकलेलं बाजूला काढायचं, बरोबर असलेलं पुढं सोडायचं. आणि अधूनमधून एखाद्या रविवारी शाहूपुरीतल्या एका हॉलमध्ये हेच काम राक्षसांचं करतो. एक व्हिडिओ गेम आहे. त्यात मॉन्स्टर पाळायचे, वाढवायचे आणि दुसऱ्याच्या मॉन्स्टरशी झुंजवायचे. त्याच्या आम्ही स्पर्धा घेतो. आम्ही म्हणजे तिघं. सुजयचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, तो मशीन आणि वायरी बघतो. स्नेहल फिजिओथेरपिस्ट आहे, ती नावनोंदणी आणि जोड्या बघते. शिव्या खायला मी असतो.

नियम अवघड नाहीत. प्रत्येकानं सहा मॉन्स्टरची टीम आणायची. टीममध्ये एकाच जातीचे दोन चालत नाहीत. प्रत्येक लढतीला सहातले चार निवडून उतरवायचे. एकदा टीम दिली की त्या दिवशी बदलायची नाही. संपलं. स्नेहलनं हे सगळं ग्रुपवर मराठीत टाकलंय. त्याच्याखाली रांगेनं अंगठे येतात, आणि शेवटच्या अंगठ्याखाली कुणीतरी विचारतं, "सर, किती मॉन्स्टर आणायचे?"

पूर्वी मी चिडायचो. आता नुसतं 'सहा' लिहितो.

*

हॉल एका मंगल कार्यालयाचा आहे, वरच्या मजल्यावरचा. तिथं सगळा कारभार अण्णांच्या हातात. पहिल्यांदा हॉल मागायला गेलो तेव्हा त्यांनी कार्य कसलं म्हणून विचारलं. मी सांगितलं, स्पर्धा आहे, राक्षसांच्या झुंजी. त्यांनी मला खुर्ची दिली आणि दार लोटून घेतलं.

मग मी सगळं सावकाश समजावलं. खरे राक्षस नाहीत, प्राणीही नाहीत, पडद्यावर असतात, रक्त वगैरे काही सांडत नाही. प्रत्येक माणूस सहा घेऊन येतो आणि चार उतरवतो. अण्णा विचार करायला लागले. कार्यालय चालवणाऱ्या माणसाचा विचार शेवटी जिथं जातो तिथंच गेला.

"सहा आणायचे आन् चारच उतरवायचे. मग उरलेल्या दोघांनी काय करायचं?"

मी म्हटलं, बसायचं.

"जेवणार किती? सहा का चार?"

कुणीच जेवत नाही म्हणून सांगितलं. अण्णांनी मान डोलावली आणि तारीख लिहून घेतली.

"मग बरंय. लग्नात पण निम्मे नुसतं बसायलाच येत्यात. पण ते जेवत्यात."

*

विश्वजीत मंगळवार पेठेतला. इंजिनिअरिंगला आहे, खेळतो चांगला, पण नियम त्याला पटवून द्यावा लागतो. एकदा त्यानं टीममध्ये दोन रेडे आणले. एक आगीचा, एक बर्फाचा. मी एक काढायला सांगितला, कारण गेममध्ये दोघांची जात एकच धरलेली आहे. तो म्हणाला, एक लाल आहे, एक पांढरा आहे, एक आग ओकतो, दुसरा गारठा सोडतो, मग एकच कसे? मी परत सांगितलं. त्यानं मामाला फोन लावला.

मामा वकील. रविवार असल्यामुळं बनियनवर शर्ट चढवत आले, पण आवाज कोर्टातला होता. त्यांनी मला उभं करून विचारायला सुरुवात केली. एकाचा जन्म ज्वालामुखीपाशी, दुसऱ्याचा बर्फात, हे मला मान्य आहे का? मान्य आहे. दोघांचा स्वभाव वेगळा? वेगळा. मग जात एक हे ठरवलं कुणी? मी म्हटलं, गेमच्या कंपनीनं. कंपनीला तो अधिकार कुणी दिला?

सकाळपासून माझ्या पोटात चहासुद्धा नव्हता. मागं पन्नासेक पोरं लढत कधी सुरू होणार म्हणून कोकलत होती. मी वाद सोडून दिला आणि गेम उघडून मॉन्स्टरची यादी त्यांच्यापुढं धरली. त्यात प्रत्येक जातीला एक नंबर असतो. दोन्ही रेड्यांचा नंबर एकच होता.

मामांनी चष्मा लावला. एकदा लाल रेडा बघितला, एकदा पांढरा. मग चष्मा काढून भाच्याकडं वळले.

"आरं, सातबारा एकच हाय की!"

आणि विश्वजीतनं स्वतःच्या हातानं रेडा काढला.

*

हरलेला माणूस भांडतो, त्याचं काही वाटत नाही. ज्याचं बरोबर असतं तो गप्प बसतो, त्याचं वाटतं.

सागर तालमीतला पोरगा. खरा पैलवान, कान मोडलेले, मान दिसत नाही. त्यानं पहिल्यांदा नाव दिलं तेव्हा हॉलमधली निम्मी पोरं त्याच्याशी जोडी नको म्हणून स्नेहलकडं गेली. तिनं समजावलं की झुंज पडद्यावर असते.

त्यानं एक भलंमोठं कासव आणलं होतं. कित्येक महिने रोज व्यायाम झाल्यावर बसून त्यानं ते वाढवलं होतं, अगदी शंभराव्या लेव्हलपर्यंत, त्याच्या वर गेममध्ये काही नाहीच. आता स्पर्धेचा नियम असा, की लढत सुरू झाली की सगळे मॉन्स्टर आपोआप पन्नासाव्या लेव्हलला येतात. शंभरवाला खाली येतो, तीसवाला वर जातो. नाहीतर ज्याला वेळ जास्त तोच जिंकेल.

सागरची पहिली लढत शाळेतल्या एका मुलीशी लागली. पडद्यावर कासवापुढं पन्नास आकडा आला. त्यानं मशीन हलवून बघितलं, मला बोलावलं. मी नियम सांगितला. त्यानं शांतपणे विचारलं, तिच्या त्या कोंबडीला किती? मी म्हटलं, तिलाही पन्नासच. घरी ती तिसाचीच होती.

मला वाटलं आता टेबल उलटं होणार. सुजयनं तर जवळची दोन मशीन उचलून छातीशी धरली. सागरनं मोठा श्वास घेतला.

"आमची आई पण असंच करत्या," तो म्हणाला. "मी हजार जोर मारून यीन, धाकटा झोपून उठलेला असतोय. पण भाकरी दोघास्नी एकसारखीच."

आणि खेळायला लागला. कोंबडीनं त्याला हरवलं.

*

मॉन्स्टरला टोपणनाव द्यायची मुभा आहे. एकच अट, त्या नावानं कुणाचा अपमान व्हायला नको. ही अट लिहिताना आम्हाला फार सोपी वाटली होती.

महेश एका सहकारी बँकेत कारकून आहे. त्यानं सहाही मॉन्स्टरना आपल्या शाखेतल्या साहेबांची नावं दिली होती. टीम तपासताना मला ती नुसती आडनावं दिसली, आडनावात अपमान कुठला, म्हणून मी सोडली. त्याच्याकडं एक गोगलगाय होती, अंगानं दांडगी, मार खूप सोसणारी, पण हलायला सगळ्यात हळू. तिचं नाव 'जाधवसाहेब'.

उपांत्य फेरी आम्ही मोठ्या पडद्यावर दाखवतो. समोर साक्षी नावाची कॉलेजची मुलगी होती. हॉल भरलेला, आणि पडद्यावर दर वेळी जाधवसाहेबांची पाळी सगळ्यात शेवटी. पोरांनी नाव उचललं. "जाधवसाहेब, उठा!" "जाधवसाहेब, सही करा!" महेश खूश होऊन खुर्चीत मागं रेलला.

साक्षीनं हात वर करून मला बोलावलं. हळूच विचारलं, हे अमुक बँकेच्या अमुक शाखेत आहेत का? मी महेशकडं बघितलं. त्याचा चेहराच उतरला. साक्षीचं आडनाव तेव्हा कुठं आमच्या दोघांच्या ध्यानात आलं. तिचे वडील त्याच शाखेत नुकतेच साहेब म्हणून आले होते.

आता निर्णय मी द्यायचा होता. अपमान झाला म्हणावा तर महेश स्पर्धेतून बाद, आणि सोमवारी बँकेत काय व्हायचं ते वेगळंच. मी साक्षीला म्हटलं, तुझी तक्रार असेल तर सांग, मी लढत थांबवतो.

तिनं पडद्याकडं बघितलं. गोगलगाय अजून पोचायचीच होती.

"तक्रार काही नाही सर," ती म्हणाली. "घरी पण असेच आहेत."

*

गगनबावड्याच्या एका तरुण मंडळानं आम्हाला बोलावलं होतं. पावसाळ्यात. आम्ही तिघं सुजयच्या गाडीतून सगळं सामान प्लास्टिकमध्ये गुंडाळून गेलो. पोरांनी शाळेचा हॉल सजवला होता, फिरती ढाल करून घेतली होती, आणि बक्षीस द्यायला सरपंच होते.

आमचा एक नियम आहे, लढत चालू असताना ज्याचं मशीन नेटवरनं तुटेल तो हरला. नाहीतर हरायची वेळ आली की लोक वायर ओढतात. उपांत्य फेरीच्या ऐन मध्यावर सगळ्या गावाची लाईट गेली. सुजयचा राऊटर बंद. चारही खेळाडू एका क्षणात तुटले. म्हणजे नियमाप्रमाणे चौघंही हरले, आणि फायनलला कुणीच उरलं नाही.

दुपार असून हॉलमध्ये दिवेलागणीसारखं झालं होतं. सुजयचं म्हणणं, लाईट येईपर्यंत थांबू. मंडळाचं म्हणणं, इथं लाईट कधी येईल हे कुणी विचारत नसतंय. सरपंचांना पुढं एका बारशाला जायचं होतं. त्यांनी मला विचारलं, जिंकलं कोण? मी नियम सांगितला. ते म्हणाले, म्हणजे सगळेच हरले? मी म्हटलं, हो.

तेवढ्यात वायरमन आला. डोक्यावर पोतं, सगळा भिजलेला, खांबावर चढायच्या आधी शाळेची जोडणी बघायला. सरपंच उठले. त्यांनी ढाल उचलली आणि त्याच्या हातात दिली. पोरांनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी मोबाईलवर फोटो काढला. वायरमननं ढाल दोन्ही हातांनी धरली, फोटो होईपर्यंत सरळ उभा राहिला, आणि मग माझ्याजवळ येऊन दबक्या आवाजात विचारलं,

"साहेब, पर मी हाय कुठल्या टीमात?"

*

आणि हा एक किस्सा.

बसवराज गडहिंग्लजच्या पलीकडं, सीमेलगतच्या एका गावचा. घरचं खताचं दुकान, बोलणं निम्मं कानडी, निम्मं मराठी. आम्ही त्याला बसू म्हणतो. पूर्वी तो मोठ्या बहिणीबरोबर यायचा. तो तिला अक्का म्हणायचा, म्हणून आम्हीही अक्काच म्हणायचो. टीम दोघांनी मिळून उभी केलेली. सहातले तीन मॉन्स्टर त्यानं वाढवलेले, तीन तिनं. खेळायचा तो, आणि ती मागं उभी राहून त्याच्यापेक्षा जास्त घामाघूम व्हायची.

मग अक्कानं लग्न केलं. कॉलेजातल्या एका मुलाशी, जातीबाहेर, घरात न विचारता. सांगलीला राहायला गेली. वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, घरात तिचं नाव घ्यायचं बंद केलं आणि बसूला बजावलं की तिच्याशी बोललास तर तूपण तिकडंच जा. बसूनं हे सुजयला सांगितलं, मशीन दुरुस्तीला टाकायला आला होता तेव्हा. बाकी तो कुणाशी फार बोलत नसे.

त्यानंतर बसू एकटाच यायचा, पण टीम तीच. अक्काचे तीन मॉन्स्टर आता जुने झाले होते, गेममध्ये त्यांच्यापेक्षा चांगले कितीतरी आले होते. चार उतरवायचे म्हटल्यावर तिचा एक तरी उतरवावाच लागायचा, आणि तिथं तो मार खायचा. मी त्याला एकदा म्हटलं, हे तीन बदल, तू फायनलला जाशील.

"अक्काचे हायत ते," तो म्हणाला. "तिला इचारल्याबिगर कसं काढू?"

मग ती स्पर्धा आली. त्या दिवशी आप्पा पहिल्यांदाच हॉलमध्ये आले होते. शाहूपुरीत दुकानाचा माल बघायला आले होते, ते काम उरकलं आणि पोराबरोबर परत जायचं म्हणून येऊन बसले. पांढरा शर्ट, कपाळाला विभूती, प्रेक्षकांच्या खुर्च्यांत कडेची जागा. खेळाडूंची टेबलं आणि प्रेक्षक यांच्यात आम्ही एक दोरी बांधतो, तिच्या पलीकडं फक्त खेळाडू आणि आम्ही तिघं.

मी टीम तपासत होतो. एका बाईनं मशीन पुढं केलं. आडनाव ओळखीचं नव्हतं, म्हणून वर बघितलं, तर अक्का. तिची टीम बघितली. सहा, सगळे वेगळ्या जातीचे, बरोबर. त्यातले तीन माझ्या ओळखीचे होते. जे तीन बसूकडं राहिले होते तेच तिनं पहिल्यापासून परत वाढवले होते. नावंही तीच. त्यातल्या एकीचं नाव पुट्टी, म्हणजे कानडीत छोटी.

आप्पांनी तिला बघितलं. ते चहा घेत होते. त्यांनी कप खुर्चीखाली ठेवला आणि तिथंच बसून राहिले.

आमच्याकडं जिंकलेल्याची जोडी जिंकलेल्याशी लागते, हरलेल्याची हरलेल्याशी. पहिल्या फेरीत बसू जिंकला आणि अक्का हरली. दुसऱ्या फेरीत अक्का जिंकली. आणि बसू असा हरला की समोरच्या पोरानंच येऊन मला सांगितलं, त्याची तब्येत बरी नसावी. समोर पाण्यातला मॉन्स्टर उभा, आणि हा आगीचे एकामागून एक पाठवत होता. मुद्दाम हरणं हा आमच्याकडं सगळ्यात मोठा गुन्हा. लगेच बाद. मी त्याला बोलवायला निघालो, तोवर स्नेहलनं तिसऱ्या फेरीच्या जोड्या वाचायला घेतल्या. प्रत्येकी एक लढत जिंकलेली, एक हरलेली, म्हणून दोघं सारखे. बसू आणि अक्का.

ते समोरासमोर बसले. दोघांनीही मान वर केली नाही. लढत सुरू झाली आणि दोघांनीही पहिल्यांदा पुट्टीलाच उतरवलं. पडद्यावर दोन पुट्ट्या एकमेकींसमोर. बसूनं बचाव घेतला. अक्कानं बचाव घेतला. पुढच्या पाळीला परत तेच. त्याच्या पुढच्या पाळीलाही तेच. कुणी कुणाला बोट लावत नव्हतं.

मग मला त्यांचे ओठ हलताना दिसले. नजर मशीनवर, आवाज अगदी खाली, आणि कानडी. लढतीत खेळाडूंनी आपसात बोलायचं नाही. मुद्दाम वेळ काढायचा नाही. आणि आधीच्या फेरीचं तर होतंच. तीनपैकी कुठल्याही एका कारणानं मी ही लढत तिथंच थांबवू शकत होतो. पण मला कानडी येत नाही. स्नेहलचं माहेर निपाणीकडचं. मी तिला जाऊन ऐकायला सांगितलं. ती टेबलाखालची वायर बघायचं निमित्त करून त्यांच्यामागं वाकली आणि थोड्या वेळानं परत आली.

मी विचारलं, काय ठरवायलेत?

"आईचा गुडघा कसा हाय म्हणून विचारायलीय," ती म्हणाली. "तो म्हणतोय, जिना चढता येत न्हाई आता. खालीच झोपत्या."

मी कुणालाच बाद केलं नाही. पाय दुखत होते, तरी उभाच राहिलो.

तेवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आप्पा उठून दोरीपाशी आले होते. मी पटकन त्यांच्या आणि टेबलाच्या मध्ये जाऊन उभा राहिलो. सुजयही वायरी टाकून माझ्याशेजारी आला. भरल्या हॉलमध्ये काही झालं तर काय करायचं, याचा आमच्याकडं नियम नव्हता.

पण आप्पांचं लक्ष आमच्याकडं नव्हतं. माझ्या खांद्यावरून ते टेबलाकडं बघत होते. त्यांनी विचारलं, ही झुंज एक जण पडेपर्यंत चालते का? मी सांगितलं, तसं काही नाही, वेळ ठरलेली असते, ती संपली की आपोआप थांबते. वेळ कुठं दिसते म्हणाले. मी बोट करून पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ दाखवलं. त्यांनी डोळे बारीक करून ते वाचलं. आकडे कमी होत होते. ते दोरी हातात धरून तसेच उभे राहिले.

"पावणं," ते म्हणाले, "ह्यो टाइम वाढवून मिळत न्हाई का?"